खाली कुठे आहे?

१२ फेब्रुवारी

मावशी,

तू फोन उचलत नाहीस. चार वेळा केला, चारही वेळा वाजून वाजून बंद पडला. आईला विचारलं तर म्हणाली, "तिला फोनचा कंटाळा आलाय. पत्र टाक, उत्तर देईल." म्हणून कागद शोधला. आमच्या ऑफिसात चौदा माणसं आहेत आणि सगळ्यांत मिळून एक पेन निघालं, तेही चावलेलं.

तू काम सोडलंस हेही आईकडूनच कळलं. अठ्ठावीस वर्षं क्रेन चालवलीस आणि मला एका ओळीनं सांगितलं नाहीस! रागावले आहे. पण सध्या माझंच गाडं अडलंय, त्यामुळे राग बाजूला ठेवते.

आम्ही एक व्हिडिओ गेम बनवतोय. आठ जण आपापल्या घरी बसून खेळतात, चार विरुद्ध चार. हातात बंदुका, एकमेकांना टिपायचं. असले खेळ ढिगानं आहेत. आमच्यात वेगळं एवढंच, की 'खाली' ही बाजू ज्याची त्यानं ठरवायची. बटण दाबून समोरच्या भिंतीवर नेम धरलास की ती भिंत तुझी जमीन झाली. तू तिच्याकडे पडायला लागतेस. पडताना वेग येतो आणि त्या वेगातच गोळ्या झाडायच्या. तुझी जमीन ती माझं छत असू शकते. ही मारामारी जिथे चालते त्या जागा मी आखते. जिने, गोदामं, पाण्याच्या टाक्या.

कागदावर झकास दिसतं. पण खेळून बघायला जी माणसं बोलावतो ती दहा मिनिटांत पांढरीफटक पडतात. परवा एकानं आमच्या कचऱ्याच्या डब्याला मिठी मारली, सोडेचना. साहेब म्हणाले, "तीन महिन्यांत हे सुटलं नाही तर पडण्याची भानगडच काढून टाकू. साधं जमिनीवर धावू दे लोकांना." म्हणजे माझी दोन वर्षं पाण्यात.

तू साठ मीटरवर, हलत्या केबिनमध्ये, आठ-आठ तास बसायचीस. तुला गरगरायचं नाही? काय करायचीस ते सांग.

तुझी भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. बरं वाटलं.

काम सोडलं ते गुडघ्यांमुळे. रोज तेवढी शिडी चढायची आणि उतरायची. शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. त्यात कळवण्यासारखं काय आहे? पुढचं विचारू नकोस.

तुझ्या गरगरण्याचं बघू. केबिन हलते, ते शरीर महिनाभरात शिकतं. खरा घोळ हुकाला लटकलेल्या ओझ्याचा असतो. नवशिका काय करतो? ओझं डावीकडे झुललं की घाबरून उजवीकडे ओढतो. मग ते दुप्पट झुलतं. ओझं जिकडे निघालंय तिकडेच आपणही जायचं, बरोब्बर त्याच्या डोक्यावर पोचायचं. मग ते आपोआप गप्प होतं. रुसलेल्या माणसाचं असतं तसंच. ओढाताण केलीस तर वाढतं.

दुसरं म्हणजे हुकाकडे बघत बसायचं नाही. ओझं जिथे टेकणार आहे तिथे आधी डोळे टेकवायचे. पोट डोळ्यांच्या मागून येतं.

याचा तुला काय उपयोग ते तूच जाण. मला फक्त एक सांग, ही आठ माणसं एकमेकांना मारतात कशासाठी? काही भांडण आहे का त्यांचं?

मावशी


३ एप्रिल

मावशी, मावशी, मावशी!

तुझ्या पाया पडते, ज्या भिंतीवर उभी असशील तिथे येऊन.

आमची चूक काय होती सांगू? माणूस भिंतीकडे पडायला लागला तरी त्याची नजर आम्ही जुन्या जमिनीला धरून ठेवत होतो, आणि भिंतीवर आदळला की एकदम फिरवत होतो. म्हणजे उलट ओढत होतो! आता पडायला सुरुवात झाली की नजरही पडण्याच्या बाजूनं हळूहळू वळते, आणि टेकायच्या आत सरळ होऊन बसते. शिवाय जिथे टेकणार तिथे आधीच एक उजेडाचा गोल दिसतो. परवाच्या सहा जणांतले चार जण अर्धा तास खेळले. कचऱ्याचा डबा कोरडा.

आणि भांडण काही नाही गं त्यांचं. मेलेला माणूस पाच सेकंदांत उठून परत पळायला लागतो. लपंडावच आहे तो, फक्त आवाज मोठा.

आता माझं ऐक. तुझ्याकडे कॉम्प्युटर, कानाला लावायचं ते सगळं आणि खेळ पाठवतेय. जोडायला माणूस येईल. शनिवारी सकाळी अकराला आमच्याबरोबर खेळायचं. नाव तुझं 'मावशी' असंच ठेवलंय. नाही म्हणू नकोस. ज्या बाईनं हा खेळ वाचवला तिनं तो खेळलाच पाहिजे.

तुझी भिंगरी


१५ एप्रिल

भिंगरी,

खेळले. मला आवडला नाही. डोळ्यांना त्रास होतो आणि ती खुर्ची बरोबर नाही. कॉम्प्युटर खोक्यात भरून ठेवलाय, माणूस पाठवून घेऊन जा.

तुझं काम चांगलं चालू दे.

मावशी


२ मे

मावशी,

तुझं चार ओळींचं पत्र वाचून पंधरा दिवस फुगून बसले. मनात म्हटलं, एवढं काय वाकडं केलं मी हिचं?

मग काल रेकॉर्डिंग पाहिलं. हे तुला आधी सांगायला हवं होतं. खेळून बघणाऱ्या प्रत्येकाचं सगळं आमच्याकडे साठवलं जातं, कोण कुठे गेलं, कुठे अडखळलं. माईक चालू असला तर आवाजसुद्धा.

पहिली सहा मिनिटं तू काय खेळलीस! टाकीच्या तळातून छताकडे पडता पडता भोपळ्याला टिपलंस. भोपळा म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात पटाईत खेळाडू, त्याला असं कुणी टिपत नाही. मग गोदामात आलीस, पाठोपाठ दोन भिंती बदलल्यास आणि थांबलीस. एक मिनिट दहा सेकंद जागची हलली नाहीस. बंदूक कुठल्या तरी कोपऱ्याकडे. आणि तुझा आवाज आला, "खाली कुठे आहे? दादा, खाली कुठे आहे?" तीनदा. मग काहीतरी पडलं. खुर्ची असावी.

भोपळा तुझ्या समोरच होता. एक गोळी पुरली असती. त्यानं झाडली नाही. का, असं विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं काकू कुणाला तरी हाक मारतायत. हाक मारणाऱ्या माणसाला कसं मारायचं?"

आई म्हणते, कामावर तू कसला तरी धसका घेतलास आणि आता तुला उंचीची भीती बसली आहे. तसं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या खेळामुळे ती वर आली असेल तर मला माफ कर.

पण मावशी, घरात तू एकटीच असतेस. हा दादा कोण?

भिंगरी


९ मे

भिंगरे,

भीती नाही. भीती असती तर बरं झालं असतं, भित्रं माणूस वर चढलंच नसतं.

माझा डावा कान गेला आहे. आत सतत कुणीतरी शिट्टी वाजवत असल्यासारखं होतं, फोनवर तर माणसाचा आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो. म्हणून फोन उचलत नाही. आणि अधूनमधून चक्कर येते. तुमच्या खेळातल्यासारखी नव्हे. तिथे बटण आपण दाबतो, इथे दुसरंच कुणीतरी दाबतं. डॉक्टर म्हणतात, कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा बिघडली आहे, ती पूर्ण बरी होणार नाही. गुडघे ठणठणीत आहेत.

मागच्या वर्षी मे महिन्यात पहिली चक्कर आली, घरी, भांडी घासताना. मग जूनमध्ये दोन, जुलैमध्ये तीन. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी खाली बसवलं असतं. मी स्वतःची समजूत घातली, केबिनमध्ये कुठे आली आहे अजून?

ऑगस्टमध्ये केबिनमध्ये आली. हुकाला सळयांचा भारा होता. एकदम आकाश पायाखाली गेलं. मी क्रेन चालवायचे दोन्ही दांडे घट्ट धरून ठेवले, पडू नये म्हणून. दांडे धरले की यंत्र चालत राहतं. भारा कुठे चाललाय ते मला दिसत नव्हतं.

दादा म्हणजे आमचा सिग्नलवाला. खाली उभा राहून हातानं खुणा करायचा, वॉकीटॉकीवर बोलायचा. अकरा वर्षं मी त्याच्या डोळ्यांनी खालचं बघत होते. मी ओरडले, "दादा, खाली कुठे आहे?" तो शांतपणे म्हणाला, "ताई, हात सोडा. दोन्ही हात सोडा." मी सोडले. यंत्र थांबलं, पण झुललेला भारा थांबत नाही. वाटेतल्या दोघांना दादानं बाजूला ढकललं आणि भारा त्याच्या खांद्यावर आला. हाड तीन ठिकाणी मोडलं.

चौकशी झाली. आमचे साहेब दवाखान्यात त्याच्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "खूण माझीच चुकली." मला विचारलं. मी म्हटलं, "तो म्हणतो तसंच."

हे तीन शब्द मी बोलले, भिंगरे. ते लिहायला मला आज सकाळपासून बसावं लागलं.

आता तो फाटकावर बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. चुकीची खूण करणाऱ्याला परत खुणा करू देत नाहीत. मी गुडघ्यांचं कारण सांगून घरी आले. त्याला भेटायला एकदाही गेले नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस.

मावशी


१९ मे

मावशी,

आईला सांगितलं नाही.

तुझं पत्र वाचल्यावर मला माझंही एक सांगायला हवं. तुझं रेकॉर्डिंग मी एकटीनं पाहिलं नव्हतं. ते मी बैठकीत लावलं होतं, सगळ्या ऑफिससमोर, तुला न विचारता. मला दाखवायचं होतं की पटाईत खेळाडूसुद्धा गोदामात हरवतो, तेव्हा गोदाम बदलायला आणखी वेळ द्या. तुझा आवाज आला तेव्हा दोघं-तिघं हसले. आणि मावशी, मीसुद्धा थोडं हसले. सगळे हसत होते म्हणून. भोपळा मात्र उठून बाहेर गेला. गोळी का झाडली नाहीस हे मी त्याला त्यानंतर विचारलं. पत्रात लिहिताना क्रम मुद्दाम झाकला.

पाच दिवसांपूर्वी मी पुन्हा बैठक बोलावली. सांगितलं, ती माझी मावशी आहे, ती आजारी आहे, तिला न विचारता मी हे तुम्हाला ऐकवलं, माझं चुकलं. आजाराचं सांगतानाही तुला विचारलं नाही हे बोलून गेल्यावर लक्षात आलं. एका चुकीवर दुसरी. साहेब म्हणाले, "ठीक आहे, पुढे?" माझे कान तासभर तापलेले होते. बास, एवढंच झालं. ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं आहे.

पुढे असं, की मी आणि भोपळ्यानं गोदाम तसंच ठेवलं आणि खेळात एक नवी गोष्ट घातली. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. आपल्या गटातला कुणी हरवला की दुसऱ्यानं एक बटण दाबायचं. दाबणाऱ्याच्या हातून एक चमकती दोरी सुटते, त्याच्या स्वतःच्या 'खाली'कडे. फक्त गटातल्यांना दिसते. हरवलेल्यानं तिच्याकडे बघून स्वतःला सरळ करायचं. साहेब कुरकुरले, "बंदूक धरायची की दोरी?" खरंच आहे. ओळंबा सोडलेला असेपर्यंत गोळी झाडता येत नाही, सोडणारा उघडा पडतो. पण काल खेळायला आलेल्या आठांतला एकही उठला नाही. जिंकणाऱ्या गटानं सगळ्यात जास्त दोऱ्या सोडल्या होत्या. साहेब अजून हो म्हणालेले नाहीत.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. माझा तो अधिकार नाही, आणि माझं हसणं अजून ताजं आहे. फक्त एक विचारते. तुझ्या कानाचं, चकरांचं, त्या दादाला माहीत आहे का? का त्याला अजून वाटतं, त्या दिवशी ताईंना एकदाच काहीतरी झालं?

भिंगरी


२० जुलै

भिंगरे,

दोन महिने उत्तर नाही म्हणून आईला सारखी विचारत होतीस असं कळलं. तुझे साहेब ओळंब्याला हो म्हणाले हेही तिनंच सांगितलं. शाब्बास. मी कॉम्प्युटर खोक्यातून काढला आणि पाहिला तो. डॉक्टरांनी दहा मिनिटांची परवानगी दिली आहे, दहाच मिनिटं बसते. दोरी थोडी जाड कर. माझ्या वयाच्या माणसाला ती दिसायला हवी.

तुझ्या प्रश्नानं माझी झोप उडवली. त्याला माहीत नव्हतं. तो एका दिवसाच्या चकरेसाठी खोटं बोलला होता, मी तीन महिन्यांच्या लपवण्यासाठी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी साइटवर गेले. हातात काठी, बसनं. फाटकावर तोच होता. उजव्या हातानं वही धरता येत नव्हती, टेबलावर ठेवून डाव्या हातानं लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "नंबर?"

मी म्हटलं, "दादा, मी आहे."

त्यानं पाहिलं, काठीकडेही पाहिलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मे, जून, जुलै, किती वेळा, कुठे. मागे एक ट्रक येऊन उभा राहिला, हॉर्न वाजवायला लागला. तो हलला नाही. मी संपवल्यावर म्हणाला, "मी दोन दिवसांसाठी खोटं बोललो होतो, ताई. मला वाटलं, तुम्ही सावरलात की स्वतः येऊन सांगाल. पहिला आठवडा मी दाराकडे बघत होतो."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलं?" तो म्हणाला. "खूण चुकते, ताई. तुम्ही मला दहा महिने इथे बसवलंत."

मग त्यानं ट्रकचा नंबर लिहून घेतला आणि त्याला आत सोडलं. माझ्याकडे परत पाहिलं नाही.

मी तशीच साहेबांकडे गेले. लेखी दिलं. डॉक्टरांचे कागद जोडले, पहिल्या चकरेची तारीखसुद्धा घातली. साहेब म्हणाले, "बाई, हे आता कशाला उकरताय? प्रकरण मिटलं आहे." मी म्हटलं, "तुमचं मिटलं असेल." माझा परवाना कायमचा रद्द झाला. तसाही तो कपाटातच होता, पण कागद हातात आला तेव्हा मी जिन्यात बसून रडले. अठ्ठावीस वर्षं शहराच्या डोक्यावर बसलेली बाई, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर रडतेय. एक साफसफाईवाली म्हणाली, "इथे पाणी मारायचंय हो." मग उठले.

त्याच्या नावावरची चूक त्यांनी काढून टाकली. पण हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे खुणा करायचं काम काही परत मिळणार नाही. नवीन सिग्नलवाल्यांना शिकवायला त्याला ठेवलं आहे. हे मला साहेबांच्या पत्रातून कळलं. त्याच्याकडून काही नाही. सहा आठवडे काही नाही.

गेल्या सोमवारी तो दारात उभा. आत ये म्हटलं, आला नाही. म्हणाला, "माफबिफ काही केलेलं नाही मी. ते होईल तेव्हा होईल, नाही झालं तर नाही. पण शिकायला येतात ती माणसं नुसती पुस्तकातली चित्रं पाठ करतात. वर बसलेल्याला खालचं काय दिसतं, काय दिसत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. गुरुवारी दहाला. जमेल?"

मी विचारलं, "सगळं सांगू?"

"मग अर्धं सांगायला कशाला बोलावतोय?"

काल गुरुवार होता. एका लांबट खोलीत बारा जण, पिवळी हेल्मेटं मांडीवर. मी टेबलाला एक हात लावून उभी राहिले. तो मागच्या भिंतीशी, डाव्या हातानं उजवा हात धरून. आधी मी खुणांचं बोलले. वरून माणूस अंगठ्याएवढा दिसतो, म्हणून हात अंगापासून लांब ठेवा, हातमोजे भडक घाला, इमारतीच्या सावलीत उभे राहू नका, वरून तुम्ही त्या सावलीतच विरघळून जाता. हे सगळं ते मान हलवत ऐकत होते.

मग ऑगस्टचं सांगितलं. ज्याचा खांदा मोडला तो माणूस माझ्यासमोर उभा आणि मी ते बोलतेय. एकदा जीभ अडली. त्यानं मदत केली नाही, त्यासाठी तो तिथे उभाही नव्हता. मी पुढे बोलले.

शेवटी एका पोरगेल्या बाईनं हात वर केला. म्हणाली, "मग आम्ही नक्की काय लक्षात ठेवायचं?"

मी म्हटलं, "बरं वाटत नसेल तर वर जाऊ नका. आणि गेलातच तर खाली सांगा."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. त्यात लिहून घेण्यासारखं काय होतं! पण तिच्या शेजारच्यानंही वही उघडली, मग त्याच्या शेजारच्यानं. बारा माणसं माना खाली घालून लिहीत होती आणि खोलीत नुसता पेनांचा आवाज होता. माझ्या एका कानालाही तो ऐकू आला.

मावशी